आजीच्या वहीतला ससा

आजीच्या वहीत सशाच्या मटणाला दीड पान आहे. कोंबडीला चार ओळी, बोकडाला अर्धं पान, लाव्हऱ्यांना सहा ओळी आणि सशाला दीड पान. त्या पानांच्या कडा तेलानं पारदर्शक झाल्या आहेत. आजीला लिहिता येत नव्हतं. ती चुलीपाशी बसून सांगायची आणि माझी आत्या शाळेच्या वहीत उतरवून घ्यायची, त्यामुळे अक्षर शाळकरी आहे आणि वाक्यं बोलल्यासारखी. "ससा सोलून तीन पाण्यातून काढणे. मीठ हळद चोळून रात्रभर शिंकाळ्यात. सकाळी आंबट ताकात कच्ची पपई वाटून घालणे, त्यात दोन तास. वाटणात खोबरं, कांदा, लसूण सालासकट, दगडफूल हात सोडून. झाकणात पाणी. मंद जाळ, गुरं येईपर्यंत." आणि सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीवर : "जेवताना छर्रे बघणे."

ही वही आईच्या ट्रंकेत होती. आई गेल्यावर माझ्याकडे आली आणि सात-आठ वर्षं तशीच पडून राहिली. गेल्या डिसेंबरात माझे थोरले चुलते, आमचे नाना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावाहून धनकवडीला आमच्याकडे राहायला आले. वय एक्क्याऐंशी. डोळ्याला काळा चष्मा, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही. मग दिवसभर काय करणार? मी त्यांना वही वाचून दाखवायला लागले. सशाचं पान वाचलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, गुरं येईपर्यंत म्हंजी माझीच वाट बघायची आई. गुरं मीच आणायचो."

त्याच रात्री मी ठरवलं की नाना गावी परत जायच्या आत वहीतलं ते जेवण त्यांना करून घालायचं.

आता यात पहिली गोष्ट स्वच्छ सांगते. रानातला ससा, लाव्हरी, तित्तर, भेकर, रानडुक्कर यांतलं काहीही मारणं, विकत घेणं किंवा घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. माझ्या आजोबांच्या काळात मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, परवाना काढून शिकार करता यायची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी छोट्या शिकारीचे परवाने कागदावर शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही संपले. अलीकडच्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची परिशिष्टं नव्यानं मांडली आणि दंड वाढवला. आता साध्या गुन्ह्यालासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर गाडीखाली मेलेला ससा उचलून घरी आणला तरी चालत नाही, कारण मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते.

हे इतकं सांगते कारण शोधाशोध सुरू केल्यावर आठवड्याच्या आतच एका ढाब्यावर मला विचारलं गेलं. सासवडच्या बाजूला जेवायला थांबलो होतो. मी सहज विचारलं की फार्मवरचा ससा कुठं मिळेल. वाढणारा मुलगा आत गेला, एक वयस्कर माणूस बाहेर आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, रानातलाच देतो की. उद्या संध्याकाळी या." मी नाही म्हटलं आणि आम्ही उठलो. दोन-तीन वर्षांपूर्वी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात मी चिंकारा बघायला गेले होते. चिंकारा दिसला तो लांबून, ठिपक्याएवढा. पण गवतातून एक ससा आमच्या गाडीसमोर आला, थांबला, कान मागे-पुढे केले, मानेवरचा तो काळा पट्टा दिसला आणि दोन उड्यांत नाहीसा झाला. ते गवताळ माळ आता प्लॉट पडून, नांगरून, फार्महाऊसनी भरून चाललेत. माळच संपत चालला तर सशानं जायचं कुठं? ज्याला मी असं पाहिलंय, त्याची तंगडी माझ्या ताटात मला नको.

पण वही मला हवी होती. वही म्हणजे आजीची अक्कल आहे, आणि तिच्यावर बंदी नाही.

तर मी पाळीव जनावरांवर ती वही चालवून बघायची ठरवली. सुरुवात लाव्हऱ्यांनी केली, कारण त्या पुण्यात सहज मिळतात. म्हणजे रानातल्या नाहीत, जपानी लाव्हे. ही जात १९७४ मध्ये अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधनासाठी आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. पाच आठवड्यांत पक्षी तयार, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात गेले. मार्च २०२१ मधल्या आगीत इथले बरेच गाळे जळाले होते. आता पुन्हा वर्दळ आहे. तिथल्या एका दुकानदाराला सहा लाव्हे सांगितले. तो सवयीनं कातडी ओढून काढायला लागला. आपल्याकडे कोंबडी अशीच देतात, सोलून, झटपट. मी म्हटलं, कातडी ठेवा, पिसं तेवढी काढा. तो म्हणाला, ताई वेळ लागेल. मी म्हटलं, थांबते. त्यानं पाणी गरम केलं, पक्षी बुडवले, एकेक उपटून दिला. चाळीस मिनिटं गेली, पण तो चाळीस मिनिटांचा फरक ताटात कळतो. एवढ्याशा पक्ष्यात चरबी असते ती कातडीखालीच. कातडी गेली की उरतो तो सुका तुकडा.

वहीत लाव्हऱ्यांचं असं आहे : "जाळावरून फिरवणे, लव जाळणे. पाठीतून चिरून उलगडणे. लसूण, तिखट, मीठ, लिंबू. तव्यावर तूप, वर दगड." दगड! मी कात्रीनं पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढला, छातीवर तळहात दाबून पक्षी सपाट केला. गॅसवर लव जाळली. मसाला लावून अर्धा तास ठेवलं, बिडाच्या तव्यावर तूप सोडून पक्षी कातडीच्या बाजूनं ठेवले आणि वर ताटली, ताटलीवर खलबत्ता. पाच-सहा मिनिटांनी उलटवले, आणखी चार मिनिटं. वजनामुळे सगळी कातडी तव्याला टेकते, सारखी कुरकुरीत होते आणि छाती कोरडी पडायच्या आत मांड्या शिजतात. आजीनं हे कुणाकडून शिकलं असेल ठाऊक नाही, पण ते बरोबर आहे.

नाना जेवले, दोन खाल्ले. म्हणाले, "चांगलं झालंय. पण ह्यांच्यात ज्वारी न्हाई." रानातली लाव्हरी ज्वारीच्या काढणीच्या सुमाराला लठ्ठ व्हायची, शेतात सांडलेलं दाणं खाऊन, आणि तिची चव त्याच दिवसांत असायची. आमच्या घरी लाव्हऱ्या बंदुकीनं मारलेल्या नसायच्या. एक फासेपारधी कुटुंब हिवाळ्यात माळावर उतरायचं, घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे लावायचं आणि टोपलीत जिवंत लाव्हऱ्या घेऊन दारात यायचं. आजी बदल्यात ज्वारी द्यायची. नाना हे सांगत होते तेव्हा मला वाटून गेलं की माझ्या आजोबांच्या एकनळी बंदुकीला परवाना होता आणि गावात मान होता. आणि त्या पारधी समाजावर मात्र इंग्रजांनी १८७१ पासून चालत आलेल्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नाना म्हणतात, पाटलाकडे हजेरी लावल्याशिवाय पालं टाकता येत नसत. आमच्या वहीतल्या त्या सहा ओळींत त्या कुटुंबाचा उल्लेख नाही. मी आता समासात तो लिहून ठेवलाय.

आता ससा.

दौंडच्या बाजूला एक फार्म मिळाला. न्यूझीलंड व्हाइट जातीचे, पांढरे शुभ्र, लाल डोळ्यांचे. बारा आठवड्यांत दोन किलो भरतात आणि साफ केल्यावर साधारण निम्मं वजन हाती येतं. फार्मवाल्या दादांनी नीट समजावून सांगितलं. काळीज काढून दाखवलं आणि म्हणाले, "हे बघून घ्यायचं. पांढरे ठिपके असले तर तो ससा परत करायचा." सशांना आतड्या-काळजाचा एक रोग होतो, त्याची ती खूण. आमचं काळीज स्वच्छ, गडद तांबडं होतं. ससा सकाळी नऊ वाजता कापला, साडेअकराला मी घरी आणि बारा वाजता मांस ताकात.

वहीत लिहिलं होतं तसं सगळं केलं. तीन पाणी. ताक. कच्च्या पपईची दोन बोटं फोड वाटून. शिंकाळ्याची रात्र तेवढी वगळली, कारण ताजं मांस आणलंय ते शिळं कशाला करायचं, असं मला वाटलं. भवानी पेठेतून दगडफूल आणलं होतं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून वाटण केलं. जाड बुडाचं पातेलं, झाकणात पाणी, मंद आच. दीड तास.

झाकण काढलं तेव्हा वास इतका सुंदर होता की मुलगी अभ्यास सोडून आली. पण मांस बिघडलं होतं. पाठीचा तुकडा वरून पिठूळ, बोटानं दाबला तर लगदा, आणि आत मात्र दोऱ्या-दोऱ्या, कोरड्या. मांडीचा तुकडा हाडाजवळ चिवट. एकाच जनावरात तिन्ही दोष कसे असू शकतात ते मला कळेना. रस्सा अप्रतिम आणि त्यातलं मटण चघळवत नाही. नानांनी भाकरी रश्श्यात कुस्करून खाल्ली, तक्रार केली नाही. मला रात्रभर लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि प्रत्येक ओळीला विचारलं : हे का?

मुळात ज्याला आपण दोन्हीकडे ससा म्हणतो ती दोन वेगळी जनावरं आहेत, हेच मी विसरले होते. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही. गवतात नुसता खळगा करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, कारण उघड्यावर जन्मलेल्याला लगेच पळता यायला हवं. फार्मवरचा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणाऱ्या जातीचा. त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. एक आयुष्यभर कोल्ह्याच्या, लांडग्याच्या, घारी-गरुडाच्या पुढं धावतो. दुसरा पिंजऱ्यात बारा आठवडे लसूणघास खातो. पहिल्याचं मांस गडद तांबडं, रक्ताळ, उग्र वासाचं. दुसऱ्याचं फिकट गुलाबी, जवळजवळ कोंबडीसारखं. नानांना विचारलं तर म्हणाले, "काळंशार असायचं गं. काळजागत."

मग एकेक ओळ उलगडत गेली. तीन पाणी कशाला? रक्त आणि उग्रपणा काढायला. फिकट मांसात काढण्यासारखं काही नव्हतंच. मी तीन पाण्यांत होती ती चवही धुऊन टाकली. पपई कशाला? धावून धावून ताठ झालेले स्नायू सैल करायला. कच्च्या पपईच्या चिकातला पदार्थ मांस अक्षरशः पचवायला लागतो आणि भांडं तापायला लागलं की तो आणखी जोरात काम करतो. म्हातारा, राकट ससा ते सोसतो. बारा आठवड्यांचं पिल्लू वरून विरघळतं. गुरं येईपर्यंतचा मंद जाळ कशाला? वय झालेल्या जनावराच्या सांध्यांतलं, स्नायूंच्या आवरणातलं चिवट द्रव्य वितळून रश्श्यात उतरायला तास न् तास लागतात. कोवळ्याला तेवढं लागत नाही. त्याच्यातलं पाणी तेवढं निघून जातं आणि दोऱ्या उरतात. आणि चरबी तर दोघांतही नाही. पण आजीच्या सशातून तासाभरानं जो चिकटपणा सुटत असेल, तो ओलावा धरून ठेवत असेल.

म्हणजे ती कृती सशाची नव्हती. ती पळालेल्या, वय झालेल्या, रक्ताळ मांसाची होती. मी शब्दावर गेले होते.

पण एका ओळीत आजी माझ्यापेक्षा पूर्ण बरोबर होती, आणि तीच मी गाळली होती : रात्रभर शिंकाळ्यात. शिकार रात्री यायची, रात्रीच सोलायची, मीठ-हळद लावून मांजराच्या तोंडापासून दूर टांगायची आणि थंडीच्या दिवसात दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच ठेवायची. जनावर मेल्यावर काही तासांनी अंग ताठरतं. त्या ताठर अवस्थेत शिजवलेलं मांस कितीही उकळा, हाडाजवळ चिवटच राहतं. ते सैल पडायला रात्र जाऊ द्यावी लागते. मांडी चिवट राहिली ती यामुळे. आपण पुण्यात "आत्ता समोर कापून द्या" म्हणतो, पिशवी गरम असते आणि घरी येऊन तासाभरात कुकर लावतो. बोकडाला कुकरची शिट्टी सावरून घेते. सशाला नाही. ताजं म्हणजे चांगलं, ही माझी समजूत त्या दिवशी मोडली.

दुसरा ससा आणला तो दहा दिवसांनी. या वेळी कापून, पुसून, मिठाचा हात लावून फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत एक रात्र. पाणी एकच, तेही झटपट. पपई नाही. ताक नाही, त्याऐवजी दोन चमचे घट्ट दही, तेही शिजवायच्या अर्धा तास आधी. तुकडे करताना मागच्या मांड्या, पुढचे पाय आणि बरगड्या एका ताटात आणि पाठीचा लांब मऊ तुकडा, दोन्ही बाजूंचा, वेगळा ठेवला. चरबी नाही म्हणून खाटकाकडून बोकडाच्या चरबीचा लिंबाएवढा तुकडा आणला होता. तो आधी पातेल्यात वितळवला, त्यातच कांदा परतला.

मांड्या-पाय-बरगड्या हळद, आलं-लसूण घालून त्या चरबीत परतल्या, थोडं गरम पाणी घालून झाकणावर पाणी ठेवलं. झाकणातलं पाणी तापलं की तेच आत ओतायचं, गार पाणी कधीही नाही. ही गोष्ट मला आईनं शिकवली होती आणि मटणाच्या कुठल्याही भांड्याला ती लागू पडते. अर्ध्या तासानं वाटण घातलं. दगडफूल वहीत "हात सोडून" आहे, मी चिमूटभरच घातलं. त्याचा मातकट, धुरकट वास उग्र मांस झाकायला आहे. फिकट मांसावर तो स्वार होतो. पन्नास मिनिटांनी मांडीत सुरी सहज गेली. मग पाठीचे तुकडे आत सोडले, पंधरा मिनिटं, गॅस बंद, झाकण तसंच वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत मी बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. जानेवारीची सात तारीख, थंडी चांगली पडली होती. सशाचं मटण गरम पडतं, ते थंडीतच खायचं असतं, हे नानांनी दोनदा बजावलं होतं.

वहीतली बाकीची पानं मी केली नाहीत. भेकराच्या सुक्याचं एक पान आहे. त्याला सगळ्यात जवळचं मांस मला वाटतं इमूचं. फार वर्षांपूर्वी बारामतीकडच्या एका नातेवाइकांनी इमू पाळले होते तेव्हा खाल्लं होतं, गडद तांबडं, चरबीविना. पण इमूचा तो सगळा धंदा २०१२ च्या सुमाराला कोसळला, त्या नातेवाइकांचे पैसे बुडाले आणि आता इमूचं मांस मागायला तोंड होत नाही. रानडुकराचं पान मी मुद्दाम मिटून ठेवलंय. आमच्याकडे रानडुक्कर खायचे आणि गावडुक्कर शिवायचेही नाहीत, आणि नानांपुढं ते ठेवणं म्हणजे त्यांच्या मनाला दुखावणं. सगळ्याच पानांना पर्याय शोधलाच पाहिजे असं नाही.

जेवायला बसलो. नानांचा काळा चष्मा तोवर निघाला होता. त्यांनी आधी नुसता रस्सा वाटीतून प्यायला. मग पाठीचा तुकडा घेतला. खूप सावकाश चावत होते, एका बाजूनं, मधेच थांबून, जीभ दातांवरून फिरवून. माझा जीव वर-खाली. पुन्हा चिवट झालं की काय?

मुलीनं विचारलं, "नाना आजोबा, दात दुखतोय का?"

"न्हाई गं. छर्रा लागंल म्हून."

पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला. शेवटचा ससा आमच्या घरी आला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात. दुष्काळात माळावर गवत उरलं नाही, ससे दिसेनासे झाले, त्याच वर्षी कायदा आला आणि आजोबांनी पुढं बंदूक जमा केली. नानांच्या जिभेला मात्र ते शिसं अजून आठवत होतं.

त्यांनी मांडी संपवली, हाड स्वच्छ केलं, दुसरी भाकरी मागितली. मी विचारलं, "नाना, आजीसारखं झालंय का? खरं सांगा."

"मटण तसं न्हाई. ते काळं व्हतं, ह्ये कोंबडीवाणी हाय," ते म्हणाले. "वाटण आईचंच हाय." मग थोडं थांबून, "आन् पाठीचा तुकडा तू मागनं टाकलास न्हवं?"

मी म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं?

"आईबी मागनंच टाकायची. मी गुरं घिऊन आलो की मला हाक मारायची आन् मगच पाठ सोडायची पातेल्यात. मी हात-पाय धुईस्तवर व्हायचं."

वहीत हे नाही. दीड पान लिहूनही आत्यानं ते लिहिलं नाही, किंवा आजीला ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. जे ससा बिघडवून मला कळलं, ते नाना ओसरीवरून रोज बघत होते.

जेवण झाल्यावर मी पेन आणलं. "मंद जाळ, गुरं येईपर्यंत" याच्या पुढं लिहिलं : "पाठ वेगळी ठेवणे. गुरं आल्यावर टाकणे." आणि समोरच्या कोऱ्या पानावर माझ्या अक्षरात : पाळीव ससा, एक किलो. एक रात्र फ्रीजमध्ये. पाणी एकच. पपई नको. बोकडाची चरबी लिंबाएवढी. दगडफूल चिमूट. मांड्या पन्नास मिनिटं, पाठ पंधरा.

नाना म्हणाले, तारीख टाक. ती टाकली.